तीन नंबरच्या खाटेचं मशीन

तेव्हा मी पुण्यात ज्या कंपनीत नोकरीला होते ती दवाखान्यांसाठी मॉनिटर बनवायची. पेशंटच्या उशाशी ठेवतात ते, नाडी, श्वास आणि रक्तातला ऑक्सिजन दाखवणारे. त्या मॉनिटरच्या आत एक छोटा कॉम्प्युटरच असतो. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळ्यात आतला भाग म्हणजे कर्नल, आणि त्या कर्नलमधलं लॉगिंग माझ्याकडे होतं. मशीनमध्ये जे घडतं त्याची एकेक ओळ लिहून ठेवणारा कोड. घरी विचारलं की मी सांगायचे, "मशीनची रोजनिशी लिहिते." वडिलांना ते पटायचं. ते यवतमाळच्या कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले होते. नोंद का ठेवायची, हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं.

त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यातून तक्रारी यायला लागल्या. मॉनिटर मध्येच बंद पडतात आणि आपोआप पुन्हा सुरू होतात. आमचा सर्व्हिसचा माणूस दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा त्याने वीज खराब आहे असं लिहून दिलं, स्टॅबिलायझर बसवले. तरी मशीन बंद पडतच होती. शेवटी साहेबांनी मला बोलावलं.

"तुझंच गाव ना ते?" ते म्हणाले. "जाऊन ये. तिथली भाषाही तुला येते."

ते माझं गाव नव्हतं. मी यवतमाळ शहरातली, कोर्टाच्या मागच्या कॉलनीतली. आजोबा शिक्षक, वडील कोर्टात, काका पोस्टात. आमच्या घरात कापूस होता तो गाद्यांमध्ये. कपाशीच्या शेतात मी आयुष्यात दोनदा गेले असेन, ते पण हुरडा खायला गेलेल्या मैत्रिणींबरोबर. पण हे साहेबांना सांगून उपयोग नव्हता. मी घरी आईवडिलांकडे उतरले आणि रोज सकाळच्या एसटीने दवाखान्यात जायला लागले.

पहिल्या दिवशी वडील पेपर खाली ठेवून म्हणाले, "फवारणीवाल्यांचा वॉर्ड आहे तो. माहीत आहे न तुला?"

मी हो म्हणाले. मला माहीत होतं ते पेपरात वाचून. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. वर ऊन, खाली ओल, आणि बोंडअळीच्या भीतीने लोक दोन-दोन औषधं एकात मिसळून मारत होते. पाठीवर पंप घेऊन माणूस त्या झाडांमध्ये शिरला की फवारा त्याच्या तोंडावरच यायचा. अंगात बनियन, तोंडाला दुपट्टा. संध्याकाळपर्यंत डोळ्यांपुढे धुरकट दिसायला लागायचं, मग घाम, मग ओकारी.

वॉर्डात बारा खाटा होत्या आणि आमचे सात मॉनिटर. मी दारात उभी राहिले तेव्हा सगळ्यात आधी कानावर आला तो आवाज. सातही मशीन आळीपाळीने किंचाळत होती. खाटांवर पुरुष होते, बहुतेक तिशी-चाळिशीचे. विष उतरवायला जे इंजेक्शन देतात त्याने नाडी धावते, तोंड कोरडं पडतं आणि माणूस भ्रमात जातो. ते हात झाडत होते, हवेतलं काहीतरी पकडत होते, छातीला चिकटवलेल्या वायरी उपटत होते. काहींचे हात सुती पट्ट्यांनी खाटेला बांधले होते. वायर निघाली की मशीन ओरडायचं. सिस्टर येऊन वायर चिकटवायची, तोवर दुसरीकडे सुरू.

त्या वॉर्डची सिस्टर उमरखेडकडची होती. पन्नाशीची, ठेंगणी, चालताना डावा पाय जरा ओढणारी. माझी बॅग आणि वायरींचं भेंडोळं बघून ती म्हणाली, "तुमी बी लाईट खराब हाये सांगाले आल्या का?"

"नाही. मी आतलं पाहायला आले."

"मंग आयका. लाईटचं काई नाई. सगळे एकदम कल्ला करतात, तवा मरतात ह्या मशिनी. गुमान पडल्या पेशंटची कधीच नाई बंद पडली."

मला हे सांगणारी ती पहिलीच होती. सर्व्हिसवाल्याने तिला काही विचारलंच नव्हतं. मी तिथेच उभ्याउभ्या माझ्या वहीत लिहून घेतलं. ती पुढे म्हणाली, "तीन नंबर अन् सात नंबर लय वेळा बंद पडते. पाच नंबर एकदा बी नाई."

"पाच नंबरचा पेशंट शांत आहे का?"

"कायचा शांत! सगळ्यात जास्त तोच झटके मारते."

हे तिच्याच म्हणण्याशी जुळत नव्हतं, आणि तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली. मी ते तसंच सोडून दिलं. तसं सोडायला नको होतं.

पहिले दोन दिवस मी सामानाच्या खोलीत बसले. तिथे एक जादाचा मॉनिटर होता. त्याला मी पेशंटची नक्कल करणारी डबी जोडली आणि नाव टाकलं 'टेस्ट', इंग्रजीत, पुण्यात टाकायचो तसंच. कर्नलची एक वेगळी प्रत चढवली, बिघाड शोधायची. तिच्यात रिकाम्या केलेल्या मेमरीत एक ठरावीक आकडा भरून ठेवतात, कुणी चुकून तिथे लिहिलं तर तो आकडा बिघडतो आणि चोर सापडतो. त्या आकड्याला आमच्याकडे सगळे 'पॉयझन' म्हणतात. डॉक्टर दुपारी डोकावून "काय करताय?" म्हणाले, तेव्हा मी एवढंच सांगितलं की मेमरी तपासते आहे. तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

डबी दोन दिवस अलार्म वाजवत राहिली. मशीन एकदाही बंद पडलं नाही.

बाहेर वॉर्डात त्याच दोन दिवसांत तीन नंबरचं मशीन पाच वेळा बंद पडलं. बंद पडलं की स्क्रीन काळी, मग स्वतःची तपासणी करत करत पुन्हा सुरू व्हायला त्याला चार मिनिटं लागायची. आणि मागे काही शिल्लक राहायचं नाही. लॉग मेमरीत असतो, वीज गेल्यासारखं झालं की पुसला जातो. त्यातून मला अशी शंका होती की बिघाड लॉगिंगमध्येच आहे. म्हणजे मशीन जाता जाता जी ओळ लिहायला बघतं, तीच लिहिता येत नाही. एकच मार्ग होता. मशीनच्या पाठीमागे तपासणीचं एक बारकं पोर्ट असतं. त्याला केबल लावून लॅपटॉप जोडायचा आणि मशीन बंद पडण्याची वाट पाहायची. शेवटच्या क्षणी कर्नल जे बडबडतो ते थेट लॅपटॉपवर उतरतं.

पण त्यासाठी ते पेशंटला लावलेलं असतानाच बंद पडायला हवं होतं.

मी डॉक्टरांना गाठून तसं सांगितलं. माझ्यापेक्षा लहान असतील, दाढी वाढलेली, डोळे लाल. ते म्हणाले, "नाही तरी ते बंद पडतंच आहे. लावा. पण एक अट आहे. स्क्रीन गेली की लॅपटॉप नाही, पेशंट पाहायचा. सिस्टर जवळ असेल तर ती पाहील. नसेल तर तुम्ही. छाती वर-खाली होते का, ओठांचा रंग काय, एवढंच. आणि ओरडून सांगायचं. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले.

तीन नंबरवरचा माणूस मारेगाव तालुक्यातला होता. दुसऱ्यांच्या शेतात रोजाने फवारणी करायचा. उंच, हाडापेराने मजबूत, पायांना अजून शेतातला चिखल. त्याची बायको खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसलेली असायची, हिरव्या लुगड्यात, हातात एक ओला रुमाल. मी केबल लावायला मशीनमागे वाकले तेव्हा ती उठून उभी राहिली.

"बाई, हे बंद पडते तवा याचं काळीज बी बंद पडते का?"

"नाही ताई. मशीन नुसतं पाहतं. ते बंद पडलं तर पाहणं थांबतं. त्यांना काही होत नाही त्यानं."

तिने विचार केला. "मंग तवा कोन पाहते?"

"सिस्टर पाहतात. आणि आज मी बसले आहे इथं."

ती पुन्हा खाली बसली. मी खाटेजवळ प्लास्टिकची खुर्ची ओढली, लॅपटॉप मांडीवर घेतला. ही माझी तिसरी सकाळ होती.

त्या दिवसाचं खरं सांगायचं तर असं, की सकाळी दहापासून दुपारी अडीचपर्यंत मी ते मशीन बंद पडावं म्हणून मनातून वाट पाहत होते. त्याचे अलार्म वाजायचे तेव्हा बाकी सगळ्यांच्या कपाळावर आठी यायची आणि मला बरं वाटायचं, कारण प्रत्येक अलार्मची एक ओळ लॉगमध्ये जात होती. लॉगसाठी मेमरीत ठरावीक जागा राखलेली असते. एकामागून एक ओळी लिहीत जायचं आणि जागा संपली की पुन्हा सुरुवातीपासून, जुन्या ओळींवर. मला वाटत होतं की बिघाड त्या टोकाशीच कुठेतरी आहे, जागा संपून परत वळताना. जितक्या ओळी जास्त, तितकं टोक लवकर येणार.

बसल्या बसल्या मी त्या माणसाकडे पाहायचे. तो मध्येच स्पष्ट बोलायचा. "धुऱ्यापासून सुरू कर," असं एकदा म्हणाला, म्हणजे शेताच्या बांधापासून. बायको म्हणाली, "हो, हो, करते." आणि रुमालाने त्याचे ओठ ओले केले.

ती मला म्हणाली, "चष्म्यावानी काही तरी तोंडाले लावा म्हणते न सरकार. याले म्या म्हनलं होतं. तो म्हने, त्याच्यानं दम कोंडते."

"किती दिवस झाले फवारणी करून?"

"कायले इचारता बाई. पोळ्यापासून रोज तेच करून राह्यला."

अडीचच्या सुमारास बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. एकाच शेतातून चार जणांना एकदम आणलं होतं. एक जण चालत आला, तिघांना उचलून. वॉर्डात जागा नव्हती, दोघांना जमिनीवर गादी टाकून झोपवलं. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय सगळे दाराशी गेले. कुणी अंगावरचे कपडे कापत होतं, कुणी साबणपाण्याने अंग धूत होतं. औषधाचा उग्र वास पूर्ण वॉर्डात पसरला. त्या गोंधळाने इतर खाटांवरचेही चाळवले. तीन नंबरवाल्याने एक हात पट्टीतून सोडवला आणि छातीवरच्या दोन वायरी ओढून काढल्या. मशीन ओरडायला लागलं. बायकोने त्याचा हात धरला. मी वायरी चिकटवायचा प्रयत्न केला, त्या घामावर चिकटेनात.

आणि स्क्रीन काळी झाली.

मी लॅपटॉपकडे पाहिलं.

तिथे ओळी धावत होत्या. कर्नल शेवटचं बडबडत होता, आणि ते सगळं, तीन दिवस ज्याची वाट पाहिली ते, माझ्यासमोर उतरत होतं. कोणत्या पत्त्यावर धक्का लागला, कुठल्या फंक्शनमध्ये, त्याच्या आजूबाजूच्या मेमरीत काय होतं. माझी नजर त्या आकड्यांवर गेली. लॉगची जागा जिथे संपते त्याच्या पुढे, जिथे टायमरची माहिती असायला हवी होती, तिथे तीन-तीनच्या गटात तेच आकडे परत परत येत होते. ई शून्य, ए चार. ई शून्य, ए चार. मी ते ओळखलं. देवनागरी अक्षर कॉम्प्युटरमध्ये लिहिलं की असंच दिसतं, प्रत्येक अक्षराला तीन बाइट, म्हणजे मेमरीतली तीन घरं, आणि सुरुवात ठरलेली.

लॉगच्या जागेबाहेर मराठी सांडलं होतं.

मला सगळं एका दमात कळलं. इथल्या सिस्टर पेशंटचं नाव मशीनमध्ये मराठीत टाकत होत्या, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आम्ही प्रत्येक अलार्मच्या ओळीला ते नाव जोडायचो. ओळ मावेल का हे पाहताना आमचा कोड लांबी अक्षरांत मोजत होता, आणि लिहिताना बाइट लिहीत होता. इंग्रजीत दोन्ही सारखंच. मराठीत एका अक्षराचे तीन बाइट. टोकाशी थोडी मोकळी जागा सोडलेली होती, लहान नाव तेवढ्यात मावून जायचं. लांब नाव पलीकडे सांडायचं आणि जे समोर येईल ते तुडवायचं. पाच नंबरच्या माणसाला रस्त्यावरून उचलून आणलं होतं, त्याच्याबरोबर कुणी नव्हतं. त्याच्या मशीनमध्ये नावाच्या जागी नुसतं 'अनोळखी' होतं. म्हणून ते कधी बंद पडलं नाही. आणि माझ्या 'टेस्ट'चंही.

मी ते आकडे मनातल्या मनात अक्षरांत फिरवत होते. सांडलेली अक्षरं त्या माणसाच्या आडनावाची होती, शेवटची दोन.

"बाई," त्याची बायको म्हणाली.

मी बोटाने ओळ धरून ठेवली होती. "एक मिनिट हं ताई."

"बाई, हा पाहा न. बाई."

मी मान वर केली. तो हात झाडत नव्हता. ओठ निळसर जांभळे दिसत होते. मी त्याच्या छातीकडे पाहिलं, आणि ती हलते की नाही हे मला कळेना. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. सिस्टर पाय ओढत धावत आली, तिने त्याची हनुवटी वर केली, तोंडातली लाळ ओढून काढली, श्वास द्यायचा फुगा दाबायला लागली. डॉक्टर आले. त्यांनी घशात नळी घातली. मी लॅपटॉप छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होते. मशीन तेव्हा परत सुरू झालं, आपली कंपनीची निळी खूण दाखवली, आणि मग रिकाम्या रेषा.

चार मिनिटांतली किती मी आकड्यांकडे पाहत होते, हे मला ठाऊक नाही. लॅपटॉपवर वेळेची नोंद होती, पण ती मशीनची होती. माझ्या नजरेची नव्हती.

त्याला कृत्रिम श्वासावर ठेवलं. डॉक्टर नवीन आलेल्यांकडे परत गेले. मी बाहेर पायऱ्यांवर बसले, आणि बसून पुढे जे केलं ते सांगायला मला अजूनही जड जातं. मी लॅपटॉप उघडला आणि काम पूर्ण केलं. चूक एका ओळीची होती. ती ओळ मी शोधून काढली, बदलली. कोड पहिल्याच वेळी बरोबर लिहिला गेला. पण मशीनमध्ये तो असाच चढवता येत नाही, पुण्यातल्या सगळ्या तपासण्या झाल्याशिवाय. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "शाब्बास! तोवर त्यांना सांग, नावं इंग्रजीत टाका. नाहीतर टाकूच नका."

मी सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "इंग्रजीत मले नाई जमत. नंबर टाकते." आणि त्या धावपळीत तिने सातही मशीनवरची नावं पुसली आणि खाट एक, खाट दोन असं टाकत गेली. तीन नंबरपाशी ती थांबली, माझ्याकडे पाहिलं. मग तिथेही पुसलं.

त्या दिवसानंतर एकही मशीन बंद पडलं नाही.

तीन नंबरचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. मी एसटीतून उतरून वॉर्डात आले तेव्हा खाट रिकामी होती आणि कुणीतरी गादी उन्हात टाकायला नेत होतं. बायको आणि तिचा भाऊ शवविच्छेदनाच्या कागदांसाठी गेले होते.

मी डॉक्टरांना त्यांच्या खोलीत गाठलं. "काल मी पाहत नव्हते," मी सांगितलं. "तुम्ही अट घातली होती. मी लॅपटॉपकडे पाहत होते."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "श्वासाचे स्नायूच गेले होते त्याचे. या विषात तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतं असं. मशीन चालू असतं तर दोन मिनिटं आधी कळलं असतं. दोन मिनिटांनी वाचला असता का? मला नाही सांगता येणार. वाचला असता असंही नाही म्हणत, नसता वाचला असंही नाही."

"मग मी काय करू?"

"मला विचारू नका," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "माझ्याकडे तेरा जण आहेत."

पुण्याला परत आल्यावर मी अहवाल लिहिला. बिघाड काय, कशाने, दुरुस्ती काय. शेवटी एक परिच्छेद होता: मॉनिटर बंद असताना एका पेशंटचा श्वास अडकला, तो दुसऱ्या दिवशी दगावला, आणि त्या वेळात देखरेखीची जबाबदारी माझ्याकडे असून माझं लक्ष नव्हतं. साहेबांनी तो वाचून मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं.

"हा परिच्छेद कशाला?" ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात का आपल्यामुळे गेला म्हणून?"

"नाही."

"मग तू का म्हणतेस? हा इंजिनिअरिंगचा कागद आहे. तुझ्या मनाला काय वाटतं ते यात लिहायचं नाही."

कंपनीच्या अहवालातून तो परिच्छेद गेला. नव्या आवृत्तीबरोबर जो कागद सगळ्या दवाखान्यांना गेला त्यात एकच वाक्य होतं, लॉगिंगमध्ये सुधारणा केल्याचं. मी तो परिच्छेद जसाच्या तसा हाताने कागदावर उतरवला, खाली सही केली आणि डॉक्टरांना रजिस्टर पोस्टाने पाठवला. त्यांचा फोन आला. म्हणाले, "पेपर फाइलला लावला आहे. पण तुम्हाला सांगून ठेवतो, शवविच्छेदनाच्या कागदात कारण विष असं आलंय. आणि ते खरंच आहे. तुमच्या चार मिनिटांसाठी त्यात रकाना नाही."

वडिलांना मी सगळं सांगितलं ते दिवाळीत. ते म्हणाले, "लिहून दिलंस ते ठीक केलंस. पण ज्याचं माणूस गेलं त्याला कागद नाही पोचला. तो डॉक्टरांच्या कपाटात आहे."

म्हणून मी मारेगाव तालुक्यात तिच्या गावी गेले. दवाखान्यातली सिस्टर सुट्टी काढून बरोबर आली, तिनेच गाव शोधून काढलं. वेचणी सुरू होती. घरी कुलूप होतं. शेजारणीने हात केला त्या दिशेला आम्ही धुऱ्याधुऱ्याने चालत गेलो. सात-आठ बाया ओळीने कापूस वेचत होत्या. ती मधल्या ओळीत होती. तिने आधी सिस्टरला ओळखलं, मग मला. थांबली नाही. कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस टाकत हळूहळू पुढे सरकत राहिली, आणि मी शेजारच्या ओळीतून तिच्याबरोबर चालत बोलत राहिले. वाळलेली बोंडं हाताला टोचत होती.

मी तिला सांगितलं. मशीन आमच्या चुकीने बंद पडायचं. नाव मराठीत लिहिलं की आत जागा पुरायची नाही, अशी चूक होती. आणि ते बंद पडलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहायला हवं होतं, मी पाहिलं नाही.

"याचं नाव लय मोठं होतं," ती म्हणाली. "शाळेत बी मास्तर म्हनत, रकान्यात नाई मावत."

"नावाची चूक नव्हती ताई. आमची होती."

"समजते मले." ती पुढच्या झाडाकडे वळली. "मी तिथंच होती न. मले काय नवीन सांगता तुमी?"

मी माझ्या ओळीतून पुढे सरकले.

"तुमी हसून राह्यल्या होत्या," ती म्हणाली. "त्याच्यात पाहून. म्या दोनदा हाक मारली. मले वाटलं, मशीननं काहीतरी चांगलं सांगतलं असन, म्हनून बाई हसते."

ती हे रागाने बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त मला काय दिसलं नव्हतं ते सांगत होती. सिस्टरने माझ्या दंडाला धरलं. मी काहीतरी म्हणाले, माफ करा असं असेल. तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. ओटा भरला होता. ती धुऱ्यावर जाऊन तो रिकामा करून आली आणि पुन्हा तिच्या ओळीत शिरली.

"शेवटची गाडी पाचले हाये," तिने लांबून सांगितलं. "चुकली तं वणीपर्यंत पायी जा लागन."

परतताना एसटीत सिस्टर खिडकीशी बसली होती. मी विचारलं, "मी यायला नको होतं का?"

"तुमाले बरं वाटावं म्हून आल्या होत्या का?"

"नाही," मी म्हणाले. आणि मग, "माहीत नाही."

"मंग इचारू नका," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटले.

डिसेंबरात नवी आवृत्ती आली. ती चढवायला मी पुन्हा गेले. वॉर्डात तेव्हा फवारणीचं कुणी नव्हतं. एक साप चावलेला म्हातारा होता, एक जण हृदयाच्या दुखण्याचा. मी सातही मशीनवर स्वतः मराठीत लांबच लांब नावं टाकून पाहिली, अलार्म वाजवले, तासन् तास. काही सांडलं नाही. वर्षभराने मी ती कंपनी सोडली, भांडण होऊन नव्हे. नवीन ठिकाणीही कर्नलवरच काम मिळालं, कारण मला तेच येत होतं.

पुढच्या हंगामात, पोळा झाल्यावर, सिस्टरचा फोन आला. मागे तेच किंचाळणारे आवाज होते.

"ताई, सांगाले फोन केला. मशिनी मस्त चालून राह्यल्या. एक बी नाई बंद पडली. आता नाव पूर्ण टाकतो आमी, मराठीत."

"किती आहेत वॉर्डात?"

"आज दोघं नवीन आले. कालचे पाच." पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली. "येऊनच राह्यले न लोक. ठेवते मी," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.